गाडीवरला संसार

दिवाळीची सुटी संपून शाळा पुन्हां भरली कीं, हजेरीपत्रक हातीं घेतांना आमचें मन जड होतें. आमच्या सोनपेठ तालुक्यांतील अनेक कुटुंबें त्याच सुमारास ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्राकडे किंवा कर्नाटकाकडे निघतात, व कांहीं मुलांच्या जागा वर्गांत रिकाम्या दिसूं लागतात. पांच-सहा महिन्यांचा हा मुक्काम म्हणजे कांहीं सहल नव्हे. बांबू, ताडपत्री, पाचट आणि दोर यांची उभारलेली कोपी हेंच तेथें घर. तळ हलला कीं तें घर मोडावयाचें, गाडीवर घालावयाचें आणि पुढल्या गांवीं पुन्हां उभें करावयाचें.

विलायतेंत मोटारगाडीच्या मागें जोडण्याचें घडीचें तंबूघर मिळतें. तें नव्यानें घेणारांस तेथील जाणते लोक तीन गोष्टी सांगतात : सामान नीट भरा, विमा उतरवा आणि चोरापासून राखा. ते लोक विसांव्यासाठीं घराबाहेर पडतात, आमचे लोक पोटासाठीं. तथापि ज्या घरास भिंत नाहीं व दारास कडी नाहीं, त्यास लागणारी दक्षता दोहींकडे सारखीच. यंदा जीं कुटुंबें पहिल्यानेंच गाडी जोडणार आहेत, त्यांच्यासाठीं व त्यांच्या मुलांसाठीं आम्ही हे चार शब्द लिहीत आहों.

प्रथम बांधणीविषयीं. दोन चाकांच्या गाडींत जड पोतीं तळाशीं व आंसाच्या जवळ ठेवावीं. मागें भार जास्त झाला तर गाडी उलाळते आणि जूं बैलांच्या मानेवरून वर उचललें जातें. पुढें जास्त झाला तर सारें ओझें बिचाऱ्या मुक्या जनावरांच्या मानेवर येतें. विलायती तंबूघरासहि हाच नियम लागू आहे. पहिल्या रात्रीं लागणाऱ्या वस्तु, म्हणजे ताडपत्री, दोर, पहार, विजेरी, पाण्याची घागर व पिठाचा डबा, सर्वांत शेवटीं भराव्यात. कारण पुष्कळदां तळावर पोहोंचेपर्यंत अंधार पडलेला असतो. कोयत्यांच्या पात्यांस गोणपाट गुंडाळावें. ओली ताडपत्री घडी करून ठेवूं नये, तिला बुरशी धरते. गाडीच्या मागल्या बाजूस लाल चमकपट्टी अवश्य लावावी, म्हणजे रात्रीं मागून येणाऱ्या वाहनास गाडी दुरून दिसेल. हल्लीं अनेकजण ट्रक किंवा ट्रॅक्टरनें जातात. त्यांनीं मुलांस सामानाच्या ढिगावर कदापि बसवूं नये.

परंतु आमच्या मतें सर्वांत आधीं बांधावयाची वस्तु म्हणजे कागदांची पिशवी होय. आधार कार्ड, शिधापत्रिका, बँकेचें पासबुक, विम्याची पावती, लहान मुलांच्या लसीचें कार्ड, हें सर्व पाणी न शिरणाऱ्या पिशवींत घालावें आणि ती पिशवी ट्रंकेंत न ठेवतां घरांतील जबाबदार माणसानें अंगावर बाळगावी. प्रत्येक कागदाची एक छायाप्रत गांवीं नातलगापाशीं ठेवावी. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या एका विद्यार्थिनीच्या आईवडिलांची कोपी, सर्व मंडळी फडांत असतां, भर दुपारीं जळाली. वाळल्या पाचटास एक ठिणगी पुरते. धान्य गेलें, अंथरुणें गेलीं, नव्या ताडपत्रीची राख झाली. मुलगी आजीजवळ राहून शाळेंत येत होती. बातमी सांगतांना ती रडली नाहीं, एवढेंच म्हणाली, "सर, घर जळलं, पण आईच्या कमरेला कागदं होती." त्याच कागदांवर त्या आठवड्यांत त्यांस तेथल्या दुकानांत शिधा मिळाला, कारण आतां शिधापत्रिकेवरील धान्य परगांवीं आणि परराज्यांतहि घेतां येतें, बँकेंतील थोडी शिल्लकहि हातीं आली. पेटींत ठेवलेलें सारें गेलें, अंगावर ठेवलेलें तेवढें उपयोगी पडलें.

आतां विम्याविषयीं. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना 2015 सालीं सुरू झाली. तिचा वार्षिक हप्ता पूर्वीं 12 रुपये होता, तो 1 जून 2022 पासून 20 रुपये झाला. 18 ते 70 वर्षांच्या खातेदारास तींत भाग घेतां येतो. अपघातीं मृत्यु आल्यास वारसास 2 लाख रुपये मिळतात. एक हात, एक पाय किंवा एक डोळा कायमचा निकामी झाल्यास 1 लाख. विम्याचें वर्ष 1 जूनपासून 31 मेपर्यंत असतें व हप्ता त्या सुमारास खात्यांतून आपोआप कापला जातो. त्या दिवसांत आपली मंडळी गांवींच असतात. पण लग्नकार्य आणि पेरणीची तयारी यांत खातें रिकामें होतें, आणि खात्यांत 20 रुपये नसल्यामुळें वर्षभराचें छत्र नाहींसें होतें. ऊस तोडावयास नवरा-बायको दोघेंहि वांकतात. तेव्हां विमाहि दोघांचा असावा आणि वारसाचें नांव बँकेंत नीट लिहिलेलें असावें.

येथें एक गोष्ट सर्वांनीं ध्यानांत धरावी. सर्पदंशानें मृत्यु आला तरी हा विमा मिळतो, पण त्यासाठीं रुग्णालयांतील नोंद लागते. रस्त्यावरील अपघातास पोलिसांतील नोंद लागते. म्हणून साप चावला तर मांत्रिकाकडे न जातां 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व थेट रुग्णालय गांठावें. प्रतिविष तेथेंच मिळतें, आणि दुर्दैवानें उपाय हरलाच तर मागें राहिलेल्यांस आधार देणारा कागदहि तेथेंच मिळतो.

बैलांचा विमा उतरविला असेल तर त्यांच्या कानांतील 12 अंकी बिल्ला रोज पाहावा. तोच जनावराची ओळख. तो गळून पडल्यास त्वरित पशुवैद्यकास व विमा कंपनीस कळवून नवा बिल्ला नोंदवून घ्यावा. ऊसतोड कामगारांसाठीं लोकनेते गोपीनाथ मुंडे यांच्या नांवानें कल्याण महामंडळ स्थापन झालें आहे. त्याच्या ओळखपत्राविषयीं निघण्यापूर्वींच ग्रामपंचायतींत चौकशी करावी.

राहिली राखण. कोप्या एकमेकींच्या जवळ व समोरासमोर दारें करून बांधाव्यात. एकट्या कोपीस वाली नसतो. मात्र चूल ताडपत्रीपासून दूर, वारा पाहून मांडावी, भोंवतालचें पाचट झाडून काढावें आणि पहाटे फडावर जातांना निखाऱ्यांवर पाणी ओतावें. निजावयास बाज व मच्छरदाणी असावी. दागिने बरोबर नेऊं नयेत. उचलीची रक्कम बँकेंत ठेवावी. तळावर दिवसा आळीपाळीनें एक मोठें माणूस थांबावें; अजाण लेंकरांवर कोपी व धाकट्या भावंडांचा भार टाकूं नये. गांवींच्या बंद घराची किल्ली विश्वासू शेजाऱ्यापाशीं द्यावी.

विद्यार्थिमित्रांनो, या कामीं तुमचा मोठा उपयोग आहे. विम्याचा अर्ज वडिलांस मोठ्यानें वाचून दाखवा. मुकादमाकडून उचल किती घेतली, ऊस किती टन तोडला, किती रक्कम फिटली, हें तारीखवार एका वहींत मांडा. तोंडी हिशेबांत गरीबच बुडतो. लिहिलेल्या आंकड्यास मात्र प्रत्येकास उत्तर द्यावें लागतें. तुम्हांस गणित कशासाठीं शिकवितों, असें कोणी विचारलें तर ही वही दाखवा.

पालकांस आमची विनंति आहे कीं, शक्यतों मुलांस गांवींच आजी-आजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहांत ठेवावें. न्यावेंच लागलें तर शाळेंतून शिक्षण हमी पत्रक घेऊन जावें, म्हणजे तळाजवळील शाळेंत मूल बसूं शकेल. तेंहि त्या पिशवींतच ठेवावें. दसऱ्यानंतरच्या आठवड्यांत शाळा सुटल्यावर आम्ही रोज तासभर वर्गांत बसूं. ज्यांस अर्ज भरावयाचे असतील त्यांनीं पासबुक व आधार कार्ड घेऊन, संकोच न बाळगतां यावें.