आल्याचा चहा आणि कानाचं मशीन

"आलं खा, स्मृतिभ्रंश पळवा" हा मेसेज परत फिरायला लागलाय. मी कोरेगावच्या आल्याच्या पट्ट्यातला, माझं आल्याशी वैर नाही. पण मंडळी, यामागे आहे काय? थायलंडमध्ये ६० मध्यमवयीन, धडधाकट बायकांवर दोन महिने प्रयोग झाला, २०१२ साली छापून आला. काहींना रोज ४०० किंवा ८०० मिलिग्रॅम आल्याचा अर्क दिला. स्मरणशक्तीच्या काही चाचण्यांत त्या सरस ठरल्या. चांगलंच आहे. पण स्मृतिभ्रंश कुणालाच नव्हता, आणि तो टळला की नाही हे दोन महिन्यांत कळणार कसं?

माझा वैताग वेगळाच. आमची आत्या सुंठ-मध न चुकता घेते. कानाचं मशीन मात्र कपाटात, बीपीची गोळी आठवली तर! लॅन्सेटच्या २०२४ च्या अहवालात आटोक्यात ठेवता येतील अशी १४ कारणं आहेत. त्यात कमी ऐकू येणं आहे, बीपी आहे, शुगर आहे, एकटं पडणं आहे. आत्याला सांगितलं, तर म्हणते, "शेजारणीला फरक पडलाय." घ्या!

चहात आलं खुशाल ठेचा. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर आल्याच्या कॅप्सूल मात्र डॉक्टरांना विचारूनच. आणि घरातल्या म्हाताऱ्यांचे कान शेवटचे कधी तपासले, कमेंटमध्ये सांगा.