खाजणातील वनाचे वजन

भाईंदरचे स्थानक मागे टाकून आगगाडी वसईच्या खाडीवरील पुलाकडे निघाली, की खिडकीशी बसलेल्या प्रवाशाला पाण्याच्या कडेने गर्द हिरवा पट्टा दिसू लागतो. ते खाजणातील कांदळवन होय. त्यात तिवराची झाडे पुष्कळ. मागे मिठागरे आणि त्यांच्याही मागे मिरा-भाईंदरच्या उंच इमारती. हा पट्टा किती लांब-रुंद आहे हे नकाशावरून सांगता येईल. परंतु त्यात लाकूड किती, हे सांगणे अवघड आहे.

पूर्वी लाकडाच्या वखारीत एक सोपा हिशेब चाले. ओंडक्याच्या घेराचा चौथा भाग घ्यावयाचा, त्याचा वर्ग करावयाचा आणि लांबीने गुणावयाचे. घेर ४ फूट व लांबी १० फूट असेल, तर लाकूड १० घनफूट. सागाच्या सरळ सोटाला हे माप शोभते. तिवर मात्र त्याला दाद देत नाही. त्याला बुंध्यापासूनच फाटे फुटतात आणि तेही वेडेवाकडे. म्हणून अशा वनाचे घनफूट न काढता वजन काढतात. त्याला जैवभार म्हणतात. काही झाडे तोडून, वाळवून, तोलून त्यांच्या घेराशी वजनाचे नाते एकदा बसविले, की पुढे दोरी लावून घेर मोजला तरी पुरते. पण गुडघाभर चिखलातून, टोकदार श्वसनमुळे चुकवीत, माणूस अशी किती झाडे मोजणार?

येथे रडार मदतीस येते. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटा येथून 'निसार' हा उपग्रह आकाशात गेला. भारताची इस्रो आणि अमेरिकेची नासा या दोन संस्थांनी तो मिळून बांधला. दर १२ दिवसांनी तो पुन्हा त्याच मार्गावर येतो. रडार सूर्यप्रकाशाची वाट पाहत नाही. ते स्वतःच लहरी सोडते आणि परत आलेला प्रतिध्वनी टिपते. या लहरी ढगांतून आरपार जातात. कोकणच्या पावसाळ्यात, जेव्हा साध्या कॅमेऱ्याला ढगांवाचून काही दिसत नाही, तेव्हा हा गुण फार मोलाचा ठरतो.

लहरीची एक खोड अशी, की आपल्या मापाची वस्तू तिला चटकन जाणवते. निसारच्या एका रडारची लहर सुमारे १० सेंटिमीटरांची, तर दुसऱ्याची २४ सेंटिमीटरांची, म्हणजे जवळजवळ एक वीत आहे. आखूड लहर पानांत व डहाळ्यांत अडकते. लांब लहर पाने ओलांडून फांद्या-खोडांपर्यंत पोचते. लाकूड जितके अधिक, तितका प्रतिध्वनी मोठा. पण वन फार दाट झाले, की हा प्रतिध्वनी वाढेनासा होतो. दर हेक्टरी सुमारे १०० टनांपर्यंतच निसारच्या मापावर विसंबता येते. घनदाट अरण्यांसाठी युरोपने २९ एप्रिल २०२५ रोजी ७० सेंटिमीटरांच्या लहरीचा निराळा उपग्रह सोडला आहे.

खाजणात आणखी एक गंमत होते. भरतीचे पाणी झाडांखाली शिरले, की लहर आधी पाण्यावर व मग खोडावर आपटून उपग्रहाकडे परतते. वन तेवढेच, पण चित्रात ते अधिक उजळ दिसते. उलट, ठेंगणी झुडपे पाण्यात बुडाली तर तेथे नुसता काळोख! उपग्रह ठरल्या वेळी, सकाळी किंवा सायंकाळी सहाच्या सुमारास येतो; भरती मात्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. तेव्हा चित्र वाचणाऱ्याला भरती-ओहोटीचे कोष्टकही जवळ बाळगावे लागते.

एवढा खटाटोप कशासाठी? २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातील कांदळवने नष्ट करण्यास मनाई केली. लोकहिताच्या कामापुरती वाट तेवढी ठेवली. अशा कामासाठी झाडे तोडावयाची झाली, की हिशेब बहुधा संख्येत होतो. दहा तोडली, दहा रोपे लावली, झाले! कागदावर बेरीज जुळते. पण बोटाएवढे रोप आणि कवेत न मावणारे तिवर तराजूत सारखे कसे भरतील? वाळलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ अर्धा कर्ब असतो, आणि तो झाडाने हवेतून ओढून घेतलेला असतो.

शिवाय मुळांखालचा काळा चिखल आहेच. कांदळवनात झाडांहून अधिक कर्ब बहुधा त्या चिखलातच साठलेला असतो, आणि तेथवर रडारची नजर पोचत नाही. त्यासाठी ओहोटीच्या वेळी कोणीतरी खाजणात उतरून, पोकळ नळी खोल खुपसून नमुना काढावा लागतो आणि पाणी चढण्याच्या आत काठ गाठावा लागतो.