आटत्या पाण्याचे शिकारी

चैत्र-वैशाखात हिंगोलीहून कळमनुरीकडे जाणे झाले, तर थोडी वाट वाकडी करून पैनगंगेवरचे ईसापूर धरण अवश्य पाहा. भरलेले धरण पाहायला सगळेच जातात. आटत चाललेले पाहावे ते तुम्ही-आम्ही शेतकऱ्यांनी. पाणी ओसरले की काळाभोर गाळ उघडा पडतो, तिथे गाळपेर होते. खोलगट जागी मात्र डबकी राहतात आणि मोठ्या पाण्यापासून तुटलेली मासळी त्यांत कोंडते. शिकारीचा हाच हंगाम.

सकाळी लवकर गेलात, तर पिवळ्या चोचीचे, पाठीकडे गुलाबी पिसे असलेले उंच करकोचे दिसतील. ते चित्रबलाक. अर्धवट उघडी चोच पाण्यात बुडवून ते ती डावी-उजवीकडे फिरवतात, पायाने चिखल ढवळतात. मासा चोचीला लागला रे लागला की ती मिटते. सारा खेळ स्पर्शाचा! म्हणून गढूळ पाणी चालते, पण मासळी दाट हवी. भरल्या, पसरल्या पाण्यात या पक्ष्याचे पोट भरणे कठीण. ढोकरीचे निराळे. ती काठावर ढेकळासारखी बसून राहते. उडाल्यावर पांढरे पंख दिसतात, तेव्हा कुठे आपल्याला कळते.

चित्रबलाकाचा एक भाऊबंद अमेरिकेत, फ्लोरिडातील एव्हरग्लेड्स नावाच्या अफाट दलदलीत राहतो. तिथे त्याला डबकी राखून देते कोण, तर ॲलिगेटर! ही आपल्या मगरीची रुंद, बोथट तोंडाची चुलत बहीण. तोंडाने, पायांनी, शेपटीने चिखल उपसून ती आपला खड्डा खोल ठेवते आणि उन्हाळ्यासारख्या कोरड्या दिवसांत डोळे व नाकपुड्या तेवढ्या वर काढून निपचित पडते. आटत्या पाण्याबरोबर मासे, कासवे, पक्षी आपणहून तिच्यापाशी येतात, धावाधाव कशाला? खड्डाही आटला, तर जमिनीवरून चालत दुसरे पाणी गाठते. (आपली मगरही काठात बिळे खणते आणि पाण्यासाठी अशीच चालत निघते.) विसाव्या शतकात तिथे कालवे खोदून दलदलीचे पाणी काढले, पाणी चढण्या-उतरण्याच्या वेळा बिघडल्या, मासळी वेळेवर दाटेनाशी झाली. १९८४ साली तिथल्या सरकारला तो करकोचा संकटग्रस्त ठरवावा लागला.

ईसापुरात डबके राखायला ॲलिगेटर नाही. तेव्हा गाळपेराला पाणी देताना शेवटच्या डबक्यात पंप टाकू नका. करकोचे उडून सिद्धेश्वर नाहीतर येलदरी गाठतील. डबक्यातली मासळी कुठे जाणार? मरळ तेवढी वर येऊन हवा घेत चिखलात तग धरते. रोहू, कटला पाणी तापले की पांढरे पोट वर करतात, आणि भोई मंडळींचे जाळे तेवढे हलके होते.