हळदोण्याचे ताट

गेल्या वर्षी आमच्या घरी दिवाळी झाली नाही. भाद्रपदात थोरले काका गेले, आणि आश्विन-कार्तिकात तळणाचा वास आमच्या माजघरात आला नाही. रीतीप्रमाणे आप्तेष्टांनी फराळाचे डबे पाठविले. ते मुलांनी खाल्ले, मोठ्यांनी चवीपुरते तोंडात घातले. आत्याबाईंनी मात्र आपल्या भावामागे गोडाला हात लावला नाही. वय ऐंशीच्या पुढे, आणि त्यांना आग्रह करण्याची आमच्यापैकी कोणाची छाती नाही. मार्गशीर्ष लागला तसे धाकट्या काकांनी सुचविले की, सर्वांनी मिळून मंगेशीचे दर्शन घेऊन यावे. स्थलांतराने मन थोडे हलके होईल. अशा रीतीने लहानथोर धरून आम्ही अकरा माणसे डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात निघालो.

कोल्हापूर सोडून आंबोलीचा घाट उतरला की हवा बदलते, आणि सावंतवाडी-बांदा मागे टाकून गोमंतकात शिरावे तो प्रत्येक दारी कागदी चांदणी टांगलेली. आपला आकाशकंदील दिवाळीनंतर माळ्यावर जातो. येथे त्याचे भावंड नुकतेच कोठे उजळू लागलेले असते. नाताळ जवळ आला होता. हा शब्दही पोर्तुगीजांबरोबर आला आणि मराठीत असा मुरला की, आज तो परका आहे हे सांगावे लागते. काजू आणि पेरू त्याच जहाजांतून आले. आपण ते उपवासालादेखील खातो.

आमचा मुक्काम बारदेशातील हळदोणे या गावी होता. म्हापशापासून जवळच, नदीच्या काठी, माडांत आणि खाजणशेतीत बसलेले हे गाव. जुन्या घरांना पुढे बसावयास बाल्कांव, खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ तुकडे. ज्या घराची मागील बाजू आम्ही भाड्याने घेतली होती, त्याची मालकीण एक वृद्ध ख्रिस्ती बाई. त्यांचे यजमान दोन वर्षांपूर्वी वारले होते. त्या कोकणीत बोलत, आम्ही मराठीत. अडले असे कधी झाले नाही.

पहिल्या शुक्रवारी आम्ही म्हापशाच्या बाजारास गेलो. शुक्रवारचा हा बाजार प्रसिद्ध आहे, आणि नाताळापूर्वीच्या शुक्रवारी तर पाय ठेवावयास जागा नसते. माडाच्या गुळाच्या काळ्याभोर ढेपा, नारळांच्या राशी, मातीची भांडी, मिरच्यांच्या माळा. एका ओळीत डुकराच्या मांसाच्या लाल माळाही लोंबत होत्या; तेथून आत्याबाई नाकाला पदर लावून, मान न वळविता, अशा वेगाने गेल्या की त्यांचे गुडघे दुखतात यावर आमचा क्षणभर विश्वास उडाला.

परत आलो तो स्वयंपाकघरात दोदोल चढला होता. तांदळाचे पीठ, नारळाचे दूध आणि माडाचा गूळ, एवढेच साहित्य. परंतु तीन-चार तास पळीला विसावा नाही. नारळाचे तेल कडेने सुटू लागले आणि गोळा हाताला चिकटेनासा झाला की उतरावयाचे. आमचे धाकटे काका मदतीस म्हणून बसले, ते अर्ध्या तासात दंड चोळीत उठले. दुसऱ्या दिवशी बिबिंक. हिला नुकतेच, २०२३ साली, भौगोलिक मानांकन मिळाले. तिची कीर्ती आपणांपैकी अनेकांनी ऐकली असेल. अंड्यांचा बलक, नारळाचे दूध, साखर, थोडा मैदा आणि जायफळ यांचे मिश्रण एका वेळी एकच पळीभर ओतावयाचे, झाकणावर निखारे ठेवून वरून भाजावयाचे, मग तुपाचा चमचा आणि वर दुसरा थर. बाईंनी दुपारी दोन वाजता आरंभ केला, सात थर पुरे झाले तेव्हा दिवेलागण झाली होती. आत्याबाई दारातून पाहत होत्या. अंड्याच्या पदार्थाकडे त्यांनी पाहावे हेच आम्हांस नवल वाटले. त्या एवढेच म्हणाल्या, “बाई कष्टाळू आहे हो.”

येथे नाताळात शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे गोडाधोडाचे ताट पाठविण्याची रीत आहे. त्याला कोंसुआद म्हणतात. वर पांढरे, विणकाम केलेले वस्त्र झाकलेले असते. चोवीस तारखेच्या संध्याकाळी बाई स्वतः ताट घेऊन आमच्या बाजूला आल्या. ताटे दोन होती. एकात बिबिंक, बाथ, बोलिन्ये. दुसरे निराळ्या वस्त्राखाली. ते पुढे करून त्यांनी न विचारताच सांगितले की, यात अंडे नाही, आणि तळण खोबरेल तेलातले आहे. नेवऱ्या, चण्याच्या डाळीचे दोस, दोदोल, उकड्या तांदळाचा पिनाग, आणि फणीवर वळलेली कलकले. मग आत्याबाईंजवळ बसून त्या हळूच म्हणाल्या, “यजमान गेले त्या वर्षी आमच्या घरी काही केले नव्हते. शेजाऱ्यांनी सगळे पाठविले. तुमच्या घरी यंदा दुःख आहे, असे मुलांकडून कळले.”

खोलीत कोणी बोलेना. आम्हा सुनामुलींच्या मनात एकच धास्ती: आत्याबाईंनी ताट नाकारले तर? त्यांचे सोवळे आम्ही जाणतो, आणि गोडाचा त्यांनी केलेला त्यागही. नाकारले असते तर त्यांना दोष देता आला नसता, आणि त्या बाईंना तोंड दाखविणेही कठीण झाले असते.

आत्याबाईंनी एक नेवरी उचलली. नेवरी म्हणजे आपली करंजीच. आकार तोच, मुरड तीच, आत खोबरे, साखर, वेलची. या प्रांतातील हिंदू घरांतूनही तिला नेवरीच म्हणतात. दुसऱ्या दिवशी आम्ही मंगेशीस गेलो, तेव्हा हे पुन्हा मनात आले. १५६० साली मंगेशाची स्थापना कुठ्ठाळीहून नदीपार प्रियोळास करावी लागली. देव गेले, भाविक गेले, मागे राहिलेल्यांचा धर्म गेला. करंजीचे नाव आणि मुरड मात्र दोन्ही काठांवर राहिली. ज्यांनी छळ सोसला त्यांचे दुःख एका पक्वान्नाने भरून निघत नाही, हे आम्ही जाणतो. तरी जे राहिले ते राहिले.

आत्याबाईंनी नेवरी मोडली, आतील सारण बोटाने चाचपले आणि म्हणाल्या, “तीळ आहेत. आमची आई तीळ घालीत असे. याला फार आवडत.” याला म्हणजे थोरल्या काकांना. मग तो अर्धा तुकडा त्यांनी तोंडात घातला. भाद्रपदानंतरचे ते त्यांचे पहिले गोड.

ताट रिकामे परत करावयाचे नाही, हे आता ओघानेच आले. वहिनींनी भीत भीत विचारले, “आत्याबाई, कढई चढवू का?” उत्तर आले, “मग काय बाजारचे देणार आहात?” दोन महिने विझलेली आमची चूल अशी परक्या गावी पेटली.

शंकरपाळे प्रथम झाले. त्यांचे प्रमाण आमच्या घरी पाठ आहे: एक वाटी दूध, एक वाटी साखर, एक वाटी तूप, एकत्र गरम करून त्यात मावेल तितका मैदा. नारळाच्या वड्या झाल्या, पातळ पोह्यांचा चिवडा झाला. चकलीने मात्र फजिती केली. भाजणी जवळ नव्हती. तांदळाच्या पिठाची उकड काढून भागवावे असे ठरले, आणि मोहन जास्त पडले. पहिला घाणा तेलात विरघळला. हे पाप आमचेच, वहिनींचे नव्हे, असे येथे नमूद करून ठेवितो.

डबे भरण्याचे काम आत्याबाईंनी कोणाच्या हाती दिले नाही. समुद्राकाठच्या दमट हवेत कोरडे पदार्थ तासाभरात नरम पडतात, म्हणून चिवडा गार झाल्यावरच आणि घट्ट झाकणाच्या डब्यात. ओल्या नारळाच्या वड्या त्याच डब्यात कदापि नकोत, कारण त्यांचा ओलावा शंकरपाळ्यांना लागतो. खाली बटरपेपर, जड पदार्थ तळाशी, नाजूक वर. ओल्या खोबऱ्याची करंजी दोन दिवसांत संपवावी लागते. दूर पाठवावयाची असल्यास सुके खोबरे भाजून घ्यावे. असे पाच डबे झाले: एक बाईंना, एक त्यांच्या लेकीला, तीन शेजारच्या घरांना. सव्वीस तारखेस आत्याबाई स्वतः काठी टेकीत बाल्कांवावर गेल्या. दोघी म्हाताऱ्या तेथे संध्याकाळपर्यंत बसल्या होत्या. काय बोलल्या ते आम्हांस ठाऊक नाही.

निघताना आमचा डबा परत आला. त्यात माडाच्या गुळाच्या दोन ढेपा आणि मूठभर कलकले. आंबोलीचा घाट चढेपर्यंत आत्याबाईंनी तो मांडीवरून खाली ठेविला नाही. संक्रांतीस तिळाचे लाडू त्याच गुळाचे झाले. रंगाला काळे, बांधणीला सैल. मुलांनी नावे ठेविली, आणि चार दिवसांत डबा रिकामा केला.

येत्या दिवाळीत हळदोण्यास काय काय पाठवावे, याची यादी आत्याबाईंनी चैत्रातच करून देवघरातील फडताळात ठेविली आहे. तीत करंजीपुढे “सुके खोबरे, तीळ घालणे” असे आहे, आणि चकलीपुढे, आमच्याकडे पाहत, त्यांनी लिहिले आहे: “भाजणी घरची.”