आईच्या नांवाचे पैसे

फुकटचा पैसा घेणें हा आमच्या घरांत पूर्वींपासूनच नाजूक विषय. मामंजींनीं आयुष्यभर शिक्षकी केली. पण मुलांच्या फीची सवलत त्यांनीं कधीं मागितली नाहीं. “ज्याला खरी गरज आहे, त्याच्या ताटांतला घास आपण कां उचलावा?” हें त्यांचें ठरलेलें वाक्य. त्यामुळें २०२५ च्या एप्रिलांत आम्हांला इंग्लंडांत कायमच्या वास्तव्याचा परवाना मिळाला आणि येथील लेस्टरच्या शेजारणीनें “आतां मुलांचा सरकारी भत्ता घ्या” असें सुचविलें, तेव्हां मीं तें हंसण्यावारी नेलें.

त्यापूर्वींचीं पांच वर्षें हा प्रश्नच नव्हता. सरकारी निधीचा आश्रय घेतां येणार नाहीं, ही आमच्या व्हिसाची अटच होती; आणि मुलांचा भत्ता त्या निधींतच मोडतो. परवान्याबरोबर ती अट गेली. परंतु कागदावरची अट गेली, म्हणून मनांतली थोडीच जाते! दर रविवारीं पुण्याशीं फोनवर बोलणें होई. पण मामंजींपुढें हा विषय काढण्याचें धैर्य मला आठ महिने झालें नाहीं.

डिसेंबरांत एकदां नियम वाचावयास बसलें आणि डोळे उघडले. उशिरां अर्ज करणाराला मागची बाकी फक्त तीन महिन्यांची मिळते. थोरल्याचे आठवड्याला २६.०५ पौंड आणि धाकटीचे १७.२५, म्हणजे पांच महिन्यांचे नऊशेंवर पौंड माझ्या संकोचापायीं बुडाले होते! दुसरी गोष्ट याहून मोठी. मूल बारा वर्षांचें होईपर्यंत हा भत्ता ज्याच्या नांवें असतो, त्याचीं तीं वर्षें सरकारी निवृत्तिवेतनाच्या हिशेबांत धरलीं जातात. ह्यांचीं वर्षें नोकरीमुळें मोजलीं जातच होतीं. पण मीं घरीं राहून पोळ्या लाटल्या, मुलांचीं दुखणींखुपणीं काढलीं, तीं वर्षें कोणाच्या वहींत होतीं? घरांतील एकाचें उत्पन्न वर्षाला ६०,००० पौंडांवर गेलें, कीं भत्त्याचा कांहीं भाग, आणि ८०,००० झालें, कीं सगळाच, करारूपानें परत जातो. तरीही पैसे नकोत असें कळवून अर्ज मात्र करावा, असें जाणते सांगतात, तें याचसाठीं.

हा पैसा आईच्या हातीं पडावा म्हणून एलिनॉर रॅथबोन या पार्लमेंटच्या सभासद बाईंनीं कित्येक वर्षें झगडा केला. आपल्याकडील बालविवाहावर १९३४ सालीं पुस्तक लिहिणाऱ्या त्या ह्याच. १९४५ च्या मूळ विधेयकांत भत्ता बापाला द्यावयाचा होता. बाईंनीं हट्ट धरून तो आईला देवविला. १९४६ च्या ऑगस्टांत दुसऱ्या मुलापासून पुढें दर मुलामागें आठवड्याला पांच शिलिंग मिळूं लागले. तें पाहावयास बाई मात्र उरल्या नव्हत्या. त्याच वर्षाच्या जानेवारींत त्या निवर्तल्या.

त्या रविवारीं मीं हें सगळें मामंजींना सांगितलें. “मामंजी, आपण नको म्हणालांत तर अर्ज करणार नाहीं,” असेंही म्हटलें. ते बराच वेळ बोलले नाहींत. मग हळूच म्हणाले, “मीं माझ्या नोकरीचें पेन्शन घेतों. घर हिनें चालविलें; पण हिच्या नांवावर तेवढ्या वर्षांचें कांहींच नाहीं. हा विचार मला कधीं सुचला नाहीं.”

तेवढ्यांत सासूबाईंनीं फोन आपल्या हातीं घेतला. “थोरला इथें पुण्यांत झाला ना? त्याचा मूळ जन्मदाखला माझ्या ट्रंकेंत आहे. लागणार असेल तर उद्यांच पाठवितें.”

दाखला खरोखरच लागणार होता. परदेशांत जन्मलेल्या मुलाचा तो मूळच पाठवावा लागतो. मीं अर्ज त्याच रात्रीं केला. पुढें तो पिवळा पडलेला कागद टपालांत टाकतांना जीव वरखालीं झाला. पण कांहीं आठवड्यांनीं तो सुखरूप परत आला आणि मागाहून पैसेही जमा झाले.

तें ऐकून सासूबाईंनीं रक्कम किती, हें विचारलेंच नाहीं. एवढेंच विचारलें, “खात्यावर नांव तुझेंच आहे ना ग?”