युद्धपटांची यादी आणि रोहिणीचे पाणी



चळवळीतल्या पोराने वाचायला काय घेऊ असे विचारले, तर आपल्याकडे उत्तर तयार असते. फुल्यांची 'गुलामगिरी' घे, बाबासाहेबांचे 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' घे. पण तोच पोरगा बघायला काय घेऊ असे विचारतो, तेव्हा आपण त्याला बाजारावर सोडून देतो. सिनेमा म्हणजे टाइमपास, त्यात कसली शिफारस, असे धरून चालतो. महिन्याला एक पुस्तक न वाचणारा हा पोरगा आठवड्याला तीन सिनेमे मोबाईलवर संपवतो. देश, शत्रू, शौर्य, बलिदान या शब्दांचे अर्थ त्याच्या डोक्यात तिथूनच भरले जातात. म्हणून कोणता सिनेमा बघावा आणि कसा बघावा, हा माझ्या मते प्रबोधनाचाच प्रश्न आहे.

आंबेगाव तालुक्यातले आमचे महाळुंगे पडवळ हे हुतात्मा बाबू गेनू यांचे गाव. भल्या पहाटे भरतीची तयारी करणारी पोरे रस्त्याने धावत असतात. कोणाला पोलीस व्हायचे आहे, कोणाला फौजेत जायचे आहे. संध्याकाळी हीच पोरे विहाराच्या पायरीवर बसली, की सिनेमांची देवाणघेवाण सुरू होते. "तू 'शेरशाह' बघितला का? मग मी सांगतो तो बघ." एकाने एक सांगायचा, दुसऱ्याने त्याला तोडीस तोड सांगायचा. 'बॉर्डर', 'एलओसी कारगिल', 'लक्ष्य', 'उरी', 'पावनखिंड'. इंग्रजीतले म्हणाल तर 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन' आणि 'डंकर्क'. मी वयाने मोठा, पण त्या पायरीवर मलाही जागा असते आणि माझ्याकडूनही एक नाव मागितले जाते.

मी या पोरांना युद्धपट बघू नका असे कधीच सांगत नाही. ते सांगणारे लोक वेगळे असतात, आणि त्यांच्या घरातली पोरे सहसा भरतीच्या रांगेत उभी नसतात. आपल्या समाजाला तलवारीचा आणि बंदुकीचा इतिहास आहे, तो लपवायचे कारण नाही. प्रश्न एवढाच आहे, की पडद्यावरच्या युद्धात आपण कुठे उभे असतो?

आमच्या नात्यातले एक चुलते महार रेजिमेंटमधून निवृत्त झाले. टीव्हीवर 'बॉर्डर' लागला की ते शेवटपर्यंत बघतात. १९७१ च्या डिसेंबरमधली लोंगेवालाची लढाई, रणगाडे, वाळवंटातली ती रात्र, सगळे बघतात. एकदा पोरांनी विचारले, "तात्या, असंच असतं का?" ते म्हणाले, "लढाई तेरा दिवसांची, नोकरी सतरा वर्षांची. तेरा दिवसांचा पिक्चर निघतो. सतरा वर्षांचा कोण काढणार?" पोरे हसली. मला मात्र ते वाक्य पुरून उरले आहे. सैनिकाचे जगणे म्हणजे वाट पाहणे, रजा, बदली, पगार, घरचे कर्ज आणि निवृत्तीनंतरची पेन्शन. जो युद्धपट हे सगळे गाळून फक्त गोळीबार दाखवतो, तो सैनिकाचा गौरव करत नाही, त्याचा वापर करतो. अग्निपथ योजना २०२२ मध्ये आली. त्यात नोकरी चार वर्षांची, आणि पुढे कायम होणार चारातला फार तर एक. ज्या पोराला या हिशोबात उतरायचे आहे, त्याने तरी सतरा वर्षांचा सिनेमा शोधलाच पाहिजे.

असे सिनेमे आहेत. फक्त ते जुने आहेत आणि त्यांची जाहिरात होत नाही. पायरीवर मी सांगितलेली काही नावे इथे कारणांसकट देतो.

पहिले नाव 'हकीकत'चे. १९६४ चा, चेतन आनंद यांचा. हेच चेतन आनंद १९४६ मध्ये 'नीचा नगर' काढून कान महोत्सवाचा सर्वोच्च सन्मान घेऊन आले होते. त्या सिनेमात वरच्या वस्तीतला धनदांडगा आपल्या फायद्यासाठी खालच्या वस्तीत घाण पाणी सोडतो. 'हकीकत' १९६२ च्या चीन युद्धावर आहे, म्हणजे पराभवावर. लडाखच्या थंडीत मागे हटणारी, अपुऱ्या साधनांनी झुंजणारी माणसे त्यात आहेत. विजयाचा ढोल न बडवता सैनिकाविषयी आदर निर्माण करता येतो, हे या सिनेमाने साठ वर्षांपूर्वी दाखवून दिले. आज पराभवावर सिनेमा काढायची हिंमत किती जण करतील?

दुसरे नाव रशियातले, 'बॅलड ऑफ अ सोल्जर', १९५९. एकोणीस वर्षांचा पोरगा शत्रूचे दोन रणगाडे उडवतो. सेनापती पदक द्यायला निघतो, तर पोरगा म्हणतो, पदक नको, रजा द्या, आईच्या घराचे छप्पर दुरुस्त करायचे आहे. पुढचा सगळा सिनेमा म्हणजे घरी पोहोचण्याचा प्रवास. हा पोरगा परत येणार नाही, हे आपल्याला सुरुवातीलाच सांगून टाकलेले असते. पावसाळ्यात गळणारे छप्पर ज्यांनी बघितले आहे, त्यांना हा सिनेमा कोणी समजावून सांगावा लागत नाही.

तिसरे नाव एका मुलीच्या प्रश्नामुळे यादीत आले. ती स्वतः पोलीस भरतीची तयारी करते. ती म्हणाली, "तुमच्या सगळ्या पिक्चरमध्ये बाई एकतर निरोप देते, नाहीतर रडते. तिसरं काही काम आहे का तिला?" पायरीवर शांतता पसरली. तिला मी 'द डॉन्स हिअर आर क्वाएट' सांगितला. हाही रशियन, १९७२ चा. विमानविरोधी तोफखान्यातल्या पाच तरुण मुली आणि त्यांचा सार्जंट जंगलात जर्मन तुकडीला अडवतात. प्रत्येकीला नाव आहे, घर आहे, स्वप्न आहे. एकेक जण मरते, तेव्हा एकेक घर विझताना दिसते.

आता आपल्या मुद्द्याला सर्वांत जवळचे दोन सिनेमे.

'ग्लोरी', १९८९ चा. अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या ५४ व्या मॅसॅच्युसेट्स रेजिमेंटची ही गोष्ट. शिपाई काळे, अधिकारी गोरे. गोऱ्या शिपायाला महिन्याला १३ डॉलर, काळ्याला १० डॉलर. गोळी मात्र दोघांना सारखीच लागणार. या शिपायांनी कमी पगार घ्यायला नकार दिला आणि फुकट लढत राहिले. समान पगाराचा कायदा व्हायला १८६४ उजाडले. सिनेमाची मर्यादाही पोरांना सांगतो. गोष्ट काळ्या शिपायांची असली तरी कथानकाच्या मध्यभागी गोरा कर्नल आहे. आपल्या दुःखाचा सिनेमाही दुसऱ्याच्या डोळ्यांतून सांगितला जातो, हा अनुभव आपल्याला नवा नाही.

दुसरा 'डेज ऑफ ग्लोरी', २००६ चा, रशीद बुशारेब यांचा. उत्तर आफ्रिकेतले मुस्लिम सैनिक फ्रान्सला हिटलरच्या तावडीतून सोडवायला लढतात. त्यात जहाजावरचा एक प्रसंग आहे. गोऱ्या सैनिकांना जेवणात टोमॅटो मिळतात, यांना नाहीत. एक जण टोमॅटोची पेटी पायाखाली तुडवतो: मिळतील तर सगळ्यांना, नाहीतर कोणालाच नाहीत. मंचर-नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट उचलणाऱ्या आमच्या पोरांना हा प्रसंग थेट काळजाला भिडला. महाडला आपण पाण्यासाठी जे केले, त्याचेच हे भावंड. आणखी ऐका. वसाहतींमधल्या या माजी सैनिकांची पेन्शन फ्रान्सने १९५९ मध्ये गोठवून टाकली होती. समान पेन्शनची मागणी जुनीच होती, न्यायालयापर्यंत गेलेली होती. पण सिनेमा आला, गाजला, आणि त्याच वर्षी फ्रेंच सरकारला वाढ जाहीर करावी लागली. सिनेमाने काय होते असे विचारणाऱ्यांना एवढे उत्तर पुरे आहे.

हे दोन सिनेमे बघितले, की आपला इतिहास वेगळा दिसायला लागतो. भीमा आमच्याच भीमाशंकरच्या डोंगरात उगम पावते आणि खाली कोरेगावला जाते. १ जानेवारी १८१८ ची लढाई आपली पोरे ट्रेलरच्या भाषेत सांगतात: इतके विरुद्ध तितके, आणि खेळ खल्लास! विजयस्तंभावरच्या नावांमध्ये २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे, याचा अभिमान असलाच पाहिजे. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब स्वतः तिथे गेले, ते उगीच नाही. पण सिनेमा तिथे संपवू नका. मध्यंतरानंतरचा भाग बघा. ज्या कंपनीसाठी आपले पूर्वज लढले, तिच्या वारसदारांनी १८९२ मध्ये महारांची सैन्यभरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये त्याविरुद्ध अर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० मध्ये पुन्हा दाद मागितली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली, तेव्हा १९१७ मध्ये '१११ महार' पलटण उभी राहिली. गरज सरली, १९२१ मध्ये ती मोडली. १९४१ मध्ये बाबासाहेबांच्या प्रयत्नांनी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा कुठे दार कायमचे उघडले. अर्ज, नकार, पुन्हा अर्ज. रणांगणावरची लढाई एका दिवसात संपली, कागदावरची जवळपास पन्नास वर्षे चालली. या लढाईचा युद्धपट कोण काढणार? माझे उत्तर सरळ आहे. आपणच काढायचा. नागराज मंजुळेंनी 'फँड्री'त शेवटी भिरकावलेला दगड आठवा. तो कॅमेरा आपल्या हातात आला म्हणून भिरकावला गेला.

इथे एक जण मला नेहमी अडवतो. म्हणतो, "आपण बुद्धाचे लोक. मग आपल्याला युद्धपटाचं एवढं कौतुक कशाला?" प्रश्न रास्त आहे आणि त्याला बगल देऊन चालणार नाही.

बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाची गोष्ट कशी सांगितली आहे ते आठवा. म्हातारा, आजारी आणि प्रेत बघून घर सोडल्याची परंपरागत कथा त्यांनी नाकारली. त्यांच्या मांडणीत घर सुटते ते युद्धामुळे. शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून भांडण होते, सेनापती युद्धाचा ठराव मांडतो, आणि भर संघात सिद्धार्थ उभा राहून विरोध करतो. बहुमत त्याच्या विरुद्ध जाते. कुटुंबावर बहिष्कार आणि जमीनजप्ती यांचे संकट उभे राहते, आणि ते टाळण्यासाठी तो स्वतः परिव्रज्या पत्करतो. म्हणजे आपल्या धम्माच्या उगमापाशीच एक न लढलेले युद्ध आहे. आणि ते पाण्यासाठीचे आहे.

पण त्याच ग्रंथात बाबासाहेब हेही सांगतात, की मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यात बुद्धाने फरक केला होता. महार रेजिमेंट उभी करणारे बाबासाहेब आणि रोहिणीची गोष्ट सांगणारे बाबासाहेब एकच आहेत. म्हणून माझी कसोटी अशी आहे. जो सिनेमा मारण्याची गरज किती भयंकर असते हे दाखवतो, तो बघावा, दुसऱ्यालाही सांगावा. जो मारण्याची इच्छा पेरतो, शेजारच्या वस्तीतल्या माणसाकडे शत्रू म्हणून बघायला शिकवतो, तो कितीही मोठ्या पडद्यावर असो, आपला नव्हे. असा सिनेमा बघून गावात मिरवणूक निघते, तेव्हा तिच्या वाटेवर कोणाची वस्ती असते, हे आपल्याला सांगायला नको.

आणि युद्ध सीमेवरच असते हेही खरे नाही. नाना पाटेकरांचा 'प्रहार' १९९१ चा. फौजेतून परतलेला तरुण गल्लीतल्या हप्तेखोरांकडून मारला जातो आणि गल्ली गप्प राहते. हुतात्मा बाबू गेनू गिरणी कामगार होते. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या लॉरीपुढे आडवे झाले आणि चिरडले गेले, तेव्हा ते अवघ्या विशीत होते. हातात शस्त्र नव्हते. त्याच काळात मुंबईच्या गिरण्यांमध्ये अस्पृश्य कामगाराला जास्त पगाराच्या विणखात्यात शिरू देत नव्हते, आणि बाबासाहेब १९२८ च्या संपात तोच प्रश्न विचारत होते. एकाच शहरातल्या, एकाच धंद्यातल्या या दोन लढाया. दोन्ही एकत्र दाखवणारा सिनेमा मला बघायचा आहे.

आमच्या घोड नदीवर डिंभे धरण आहे. त्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू यांचेच नाव दिले आहे. त्याच्या पाण्याखाली जुने आंबेगाव गेले, आदिवासींच्या जमिनी गेल्या, आणि खालची शेते हिरवी झाली. पाणी कोणाचे, त्याग कोणाचा, नाव कोणाचे? रोहिणीचा प्रश्न अजून वाहतोच आहे.

तेव्हा पोरांनो आणि पोरींनो, यादी जरूर करा, देवाणघेवाण जोरात चालू द्या. फक्त प्रत्येक युद्धपटाला तीन प्रश्न विचारा. मरणाऱ्याला नाव आहे का? त्याला पगार किती होता? आणि हे युद्ध टाळू पाहणारा कोणी होता का, त्याचे पुढे काय झाले? तिन्हींची उत्तरे देणारा सिनेमा सापडला, तर आधी मला सांगा. नाही सापडला, तर खिशातल्या मोबाईलला कॅमेरा आहे, आणि सतरा वर्षे नोकरी केलेले एखादे तात्या प्रत्येक वस्तीत आहेत. सुरुवात त्यांच्यापासून करा.

जयभीम!