भोक आणि चीर

पाठ ही आमच्या घराण्याची इस्टेट. शेत नव्हतं, दुकान नव्हतं, पाठ होती. आज्यानं गावची मेलेली ढोरं ओढली. बानं रेल्वेच्या मालधक्क्यावर सिमेंटची पोती वाहिली. मी सूतगिरणीत पॅकिंग खात्यात सुताच्या कोनांची पोती उचलतो. पोतं पन्नास-साठ किलोचं. पाळीत किती उचलली ते मोजणं मी सोडून दिलंय.

दोन वर्षं झाली, डाव्या कुल्ल्यातून एक कळ निघते ती पोटरीच्या बाजूनं थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत जाते. खोकलो तरी झटका बसतो. एमआरआय काढला. एल-४ आणि एल-५ या मणक्यांमधली चकती फुटून मागं आलीय आणि शिरेवर बसलीय. घरी सांगितलं तर आय म्हणाली, "त्येंचंच दुखणं उचललंस की रं."

बाचं ऑप्रेशन १९९९ सालचं, सरकारी दवाखान्यात. पाठीवर वीतभर चीर. स्नायू मणक्यापासून सोडवायचा, हाडाची कमान छिनायची, आत वाट करायची आणि निसटलेला चकतीचा तुकडा काढायचा. फुटलेली चकती शीर दाबते आणि ती काढता येते, हे बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या डॉक्टरांनी १९३४ साली लिहून दाखवलं, तेव्हापासूनची ही रीत. आमच्या गल्लीत सगळे म्हणतात, मोठ्या चिरीनं माणूस वाकला. मीही तेच ऐकत वाढलो. परवा बाला नीट विचारलं. तो म्हणाला, "पायाची कळ दुसऱ्याच दिशी गेल्ती." मग? मग दीड महिन्यानं तो पुन्हा धक्क्यावर गेला. घरात पीठ नव्हतं आणि मी पाळण्यात होतो. अकराव्या महिन्यात कळ परत आली. चिरीचा वण मात्र त्याला कधीच दुखला नाही.

मित्रानं मला एका मोठ्या खाजगी दवाखान्यात नेलं. भिंतीवर रंगीत बोर्ड : दुर्बिणीतून ऑप्रेशन, टाका नाही, दुसऱ्या दिवशी घरी. बोर्डावरचा माणूस गोरा, हसरा, टेनिस खेळणारा. त्यानं आयुष्यात कधी पोतं उचललं असेल असं वाटत नाही. डॉक्टरनं करंगळी दाखवली. एवढंच भोक, जेमतेम आठ मिलिमीटर. खर्च विचारला. सांगितला तो आकडा माझ्या वर्षाच्या पगाराचा. कामगार विम्याच्या दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, "आम्ही चीर देऊन करतो. इंच-सव्वा इंच, सूक्ष्मदर्शक लावून. पण घाई करू नकोस."

म्हणजे बाची वीतभर चीर मागंच पडली. सूक्ष्मदर्शकाखाली लहान चिरीतून चकती काढायची पद्धत यासरगिल आणि कास्पर यांनी १९७७ साली मांडली होती. बाच्या ऑप्रेशनच्या आधी बावीस वर्षं! ती आमच्या धक्क्यापर्यंत पोचली नव्हती.

मी नववी नापास. पण रातपाळीवरून आलो की मोबाईलवर डिक्शनरी उघडून वाचतो. नेदरलँड्समध्ये ३२८ रोग्यांच्या दोन वाटण्या केल्या. अर्ध्यांना नेहमीची लहान चीर, अर्ध्यांना स्नायू न कापता नळी घालून. कुणाला काय केलं हे रोग्याला सांगितलंच नाही. २००९ साली निकाल छापला : नळीवाले काही पुढं गेले नाहीत, उलट वर्षभरानं त्यांचं दुखणं किंचित जास्तच. त्याच देशात २०२२ साली ६१३ जणांवर दुर्बीण आणि चीर यांची तुलना छापली. दुर्बीण कमी ठरली नाही. याचा अर्थ मी असा लावतो : भोक वाईट नाही, चीरही वाईट नाही. ज्याचा हात ज्यात बसलाय त्यानं त्यातून करावं. करंगळीएवढ्या भोकासाठी घर गहाण टाकावं एवढा फरक त्यात नाही.

तिथलाच आणखी एक अभ्यास, २००७ चा. २८३ माणसं. अर्ध्यांचं ऑप्रेशन लगेच, बाकीच्यांना थांबवलं. लगेचवाल्यांची कळ लवकर गेली. वर्षाअखेर मात्र दोन्हीकडची माणसं सारखीच बरी. थांबलेल्यांतल्या साधारण दहातल्या चौघांना शेवटी ऑप्रेशन करावंच लागलं, हेही त्यात आहे. आणि दोस्तांनो, हे सगळं पायात उतरणाऱ्या कळेबद्दल. नुसती कंबर धरते, त्याला चकती काढून भागेलच असं नाही. पण लघवी तुंबली, बसायची जागा बधिर झाली, पाय लुळा पडला, तर मात्र अभ्यास-बिभ्यास सोडा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

"घाई करू नकोस" हे औषध आहे. पण ते घ्यायला हातात दिवस लागतात. दिवस कुणाचे? बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूर खात्याचे मंत्री होते. अडारकरांचा कामगार आजारविम्याचा आराखडा १९४४ चा, त्याच काळातला. पुढं १९४८ साली कायदा झाला. त्या विम्यात दीर्घ आजारांची यादी आहे आणि सरकलेली चकती त्या यादीत आहे. ऐंशी टक्के पगार, महिनोन्महिने. वाचलं तेव्हा मी खाटेवरून उठून बसलो, कळ विसरून. मग खालची अट वाचली : दोन वर्षांची सलग नोकरी. आमच्या गिरणीत दोन वर्षांत ठेकेदार तीनदा बदलला. माणूस तोच, पोतं तेच, पण दरवेळी विम्याचा नंबर नवा. कागदावर मी या खात्यात चार महिन्यांचं पोर आहे.

म्हणून बोर्डावरचं भोक सगळ्यात जास्त कुणाला आवडतं? मुकादमाला. "आरं, आता भोकातनं हुतंय. शुक्रवारी कर, सोमवारी ये." चीर दिसली तर निदान लाज वाटते दोन दिवस. भोक झाकून जातं. आतली चकती मात्र दोन्हीकडं सारखीच कापलेली असते, आणि कुठूनही काढली तरी काहींची पुन्हा निसटते.

मी सध्या थांबलोय. गोळ्या घेतो, चालतो, विम्याच्या डॉक्टरनं शिकवलेले व्यायाम छपराखाली करतो. अर्ज दिलाय : माझे तिन्ही नंबर एक करा, आणि पॅकिंगवरून वाइंडिंगला बदली द्या. पोच मागितली तर ठेकेदाराचा माणूस म्हणाला, शिक्का घरी राहिलाय. आज अकरावा दिवस. पाळी सुटली की रोज जाऊन विचारतो, शिक्का आला का.